तिसऱ्या पक्षाची हळद

लेकीच्या हळदीला तांदूळ किती टाकायचे, हा प्रश्न हौसाला पडला. कांदळखारेत हा प्रश्न कुणा यजमानणीला कधी पडतच नसे. घरात लग्न निघालं की आपल्या पक्षाच्या बाया दोन दिवस आधीच सुपं घेऊन दारात येत, गप्पा हाणत तांदूळ निवडत, आणि त्यांच्यातलीच एखादी म्हातारी ढिगावर हात फिरवून सांगे, एवढे पुरे. यजमानणीने चहा द्यायचा, नाक पुसायचं आणि सगळ्यांचं ऐकायचं. हौसा मात्र ओसरीत एकटी सूप घेऊन बसली होती. दारावरून जाणाऱ्या बाया मान खाली घालून पटापटा पुढे सटकत होत्या, जणू या घराला देवी आल्या होत्या.

हे सगळं झालं होतं ते पक्षापायी. कांदळखार हे पेण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. अर्धं गाव भात पिकवणारं, अर्धं मिठागरावर राबणारं, आणि सगळं मिळून दोन पक्षांत चिरलेलं. एक पक्ष केरूनानाचा, एक नाथाशेटचा. मुंबई-दिल्लीत त्या पक्षांना मोठाली नावं होती, झेंडे होते, निशाण्या होत्या, पण गावात त्यांचं नाव कुणी घेत नसे. माणूस नानाकडचा तरी असायचा, नाहीतर शेटकडचा. होळ्या दोन पेटत. गणपती दोन बसत. लग्नाचे टोप, कढया, पराती दोन ठिकाणी कुलपात असत, आणि नानाच्या टोपात शेटकडच्या घरचा भात शिजल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पोरं क्रिकेट खेळत तीसुद्धा दोन टीमांत, मग बॉल एकच का असेना.

एक गोष्ट तेवढी दोन करता येत नव्हती, ती म्हणजे खाडी. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाला मोठा मातीचा बांध होता आणि तो सगळ्यांचा मिळून होता. त्याला भगदाड पडलं तर गाव त्याला खांड पडली म्हणे. एकदा खारं पाणी आत घुसलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून देवळासमोरच्या चिंचेला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. रूळ वाजला की हातातलं काम टाकून घरटी एक माणूस, फावडं नाहीतर घमेलं घेऊन धावत सुटायचं. तिथे कोण कुणाकडचा हे विचारायचं नाही, आणि खांड भरेपर्यंत कुणी घरी परतायचं नाही. हा नियम बापजाद्यांपासूनचा होता. तो नानाने केलेला नव्हता आणि शेटनेही नव्हता, बहुधा म्हणूनच टिकला होता.

हौसाचा नवरा महिपती हा जन्माचा नानाकडचा. त्याने नानाचे झेंडे लावले, नानाच्या भिंती रंगवल्या, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्या पाठुंगळी घेऊन बूथवर नेल्या. आणि त्याच महिपतीच्या सरूला रोह्याकडचं स्थळ आलं. निडी स्टेशनापलीकडचं गाव, भातशेती, त्यावर वालाचं पीक, आणि मुलगा गणेश धाटावच्या कंपनीत शिफ्टला. पोरगा शांत, निर्व्यसनी. सरूला तो पसंत पडला हे तिने तोंडाने सांगितलं नाही, पण ती चुलीपाशी गाणी गुणगुणायला लागली त्यावरून आईने ओळखलं. सुपारी फुटली. आणि मग केरूनानाला कुठून तरी कळलं की गणेशचा काका तिकडे शेटच्याच पक्षाचा प्रचार करतो.

नानाने महिपतीला बोलावून घेतलं आणि सांगितलं की हे स्थळ मोड, निवडणूक तोंडावर आहे, लोकांत वाईट दिसतं. शहाण्णव सालचा मार्गशीर्ष चालू होता आणि झेडपीची निवडणूक फेब्रुवारी-मार्चात लागणार असं सगळे म्हणत होते. महिपती उभ्याउभ्याच म्हणाला, "नाना, मत तुमचं हाय. पोरगी माझी हाय." एवढं बोलून तो घरी आला आणि दोन तांबे पाणी प्यायला. त्याच संध्याकाळी फर्मान निघालं की आपल्यातल्या कुणीही महिपतीच्या दारात पाय ठेवायचा नाही, हळदीला नाही आणि लग्नालाही नाही.

शेटने ही बातमी ऐकली आणि लगेच निरोप धाडला. आमच्यात ये, येत्या मोर्चात झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चाल, मग टोप आमचे, बाया आमच्या, लग्न दणक्यात. महिपतीने तोही निरोप परत पाठवला. एका दावणीतून सुटलो ते दुसऱ्या दावणीला बांधून घ्यायला नाही, म्हणाला. हौसाला वाटलं, एक दिवस धरला असता झेंडा तर काय हात झडले असते का? तिने ते बोलून दाखवलं. तो त्या रात्री जेवला नाही. तीही मग जेवली नाही, पण तिचा राग भाकरीवर होता आणि त्याचा जगावर.

आणि ऐन अशा वेळी जगन उगवला.

जगन हा अष्टमीचा, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. पूल ओलांडला की पलीकडे रोह्यात एका शिंप्याच्या माडीवर त्यांच्या नव्या पक्षाचं ऑफिस होतं. माणूस भला, बोलायला लागला की थांबायचं विसरायचा. स्कूटरवरून गावोगाव हिंडून तो लोकांना एकच विचारायचा, तुम्हाला तिसरा पक्ष पाहिजे की नको? आणि म्हणे, ज्याला विचारावं तो म्हणतो पाहिजे. हे दोन्ही पक्ष लोकांच्या नाकापर्यंत आलेत, वहिनी, असं तो हौसाला सांगायचा. कुठल्याच पक्षाचा नसलेला माणूस जिल्ह्यात सगळ्यात जास्त आहे, फक्त त्याला उभं राहायला जागा नाही, असंही म्हणायचा. महिपतीच्या अंगात वीज खेळली. त्याला जागाच पाहिजे होती.

दोघं मिळून घरोघर फिरले. आणि खरंच, एकाही घराने नाही म्हटलं नाही. फक्त सगळ्यांनी त्यांना मागल्या दारी बसवलं. चहा दिला, आवाज खाली करून दोन्ही पुढाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली, आणि तिसरा पक्ष पाहिजेच असं शपथेवर सांगितलं. तळ्यावर धुणं धुताना बाया हौसाच्या कानाशी येऊन तेच कुजबुजायच्या. आमचं मत तिसऱ्यालाच गो, पण घरात बोलू नको. नानाकडची म्हणायची, शेटकडची म्हणायची, नानाची सख्खी भावजय म्हणाली तेव्हा तर हौसाला हसू आवरेना. सगळ्या गावाच्या मनात तिसरा पक्ष होता आणि पाय मात्र जुन्याच वाटेने चालत होते.

तरी हौसाने मनाशी एक हिशेब धरला. रविवारी दुपारी आपल्या अंगणात नव्या पक्षाची सभा आहे. गुरुवारी हळद. सभेला जेवढी माणसं येतील तेवढी हळदीला येतील, तेवढे तांदूळ टाकायचे. तिला पक्षाबिक्षाचं काही पडलं नव्हतं. तिला सरूची हळद पडली होती. हळदीच्या दिवशी नवऱ्यामुलाची उष्टी हळद घेऊन निडीकडच्या बाया येणार. त्यांच्यासमोर मांडव रिकामा असला, लेकीला हळद लावायला गावातली एक बाई नसली, तर सरूने जन्मभर सासरी काय ऐकायचं? तुझ्या हळदीला गावातलं कुत्रं फिरकलं नव्हतं, हे वाक्य हौसाला जागेपणी ऐकू यायला लागलं होतं. त्यात धवलारीण गावात एकच, बायजाबाई. या भागात धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय लग्नाला लग्न म्हणत नाहीत, आणि बायजाबाईचा मुलगा नानाचा उजवा हात.

रविवार आला. पुनव होती. महिपतीने अंगण सारवून घेतलं, सतरंजी अंथरली, जगनने रोह्याहून झेंडूचा हार आणला तो कुणाच्या गळ्यात घालायचा हे ठरलं नव्हतं. लाउडस्पीकरवाला आलाच नाही. त्याला कुणी थोपवलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. सभेची वेळ टळली तेव्हा सतरंजीवर शेटच्या आळीतला एक ठार बहिरा म्हातारा बसला होता. इथे रॉकेल वाटणार आहेत असं त्याला वाटलं होतं, म्हणून तो डबा घेऊन आला होता. त्याच्याशिवाय दोन कोंबड्या. हौसाने चहाचं आधण चुलीवरून उतरवलं आणि पाटावर बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढे गुरुवारचा मांडव आला, तोही असाच.

जगनला मात्र हार मानवेना. लोकांना वेळ कळली नसेल, म्हणाला, आणि रस्त्यावर आला. समोर चिंच, चिंचेला रूळ. त्याच्या गावच्या शाळेत अगदी असाच रूळ होता, तो वाजवला की पोरं गोळा होत. वरकस, डोंगराकडच्या जमिनीतला माणूस, त्याला खाडी ठाऊक ती पुलावरून दिसते तेवढीच. त्याने लोखंडी गज उचलला आणि दे दणादण रूळ बडवायला सुरुवात केली.

आता गंमत बघा. महिपती आत गूळ फोडत होता. रूळ कोण वाजवतोय, आपल्याच अंगणातला पाहुणा बाहेर गेलाय, आज आपलीच सभा आहे, यातलं काही म्हणजे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याने गूळ टाकला, आढ्याचं फावडं ओढलं आणि अनवाणी पळत सुटला. आणि त्याला हसायचं तरी कसं, हौसानेही घमेलं उचललंच होतं. शेतं बांधाला लागून, वर पुनवेची भर दुपारची भरती. कांदळखारेत जन्मलेला माणूस रूळ ऐकून विचार करत बसत नाही.

गाव फुटलं. पाटातून, खळ्यातून, मिठागरातून माणसं धावली. केरूनाना बनियनवर आला. नाथाशेटची दाढी अर्धी झालेली, एका गालाला साबण तसाच. बायजाबाई एवढी थकलेली, पण तीही एक फुटकं घमेलं काखेत मारून आली. बांधावर पाणी काठोकाठ लागलेलं, आणि सगळी माणसं दोन बाजूंना पांगून खांड शोधायला लागली. नानाकडची आणि शेटकडची एकमेकांना हाका मारून विचारत होती, तुमच्या अंगाला काय दिसतं का? दिसत काहीच नव्हतं. बांध ठणठणीत होता.

इतक्यात धापा टाकत जगन पोचला. पांढरी पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि चेहरा असा फुललेला की विचारू नका. एवढं गाव एका हाकेला लोटलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने एका उंचवट्यावर उभं राहून हात जोडले आणि बंधू-भगिनींनो म्हणून भाषणच सुरू केलं.

पहिली दोन वाक्यं कुणाला समजली नाहीत. तिसऱ्या वाक्याला समजली. मग जो काही गलका झाला तो सांगायला नको. एकाने जगनला खाडीत बुडवा म्हटलं, दुसऱ्याने त्याच्या स्कूटरची हवा काढायची तजवीज केली. महिपती फावड्यावर हनुवटी टेकून खाली बघत राहिला, आणि ते बघून हौसाला वाटलं, धरणीने आता पोटात घ्यावं. तेवढ्यात शेटच्या आळीतला एक तरणा पोरगा रागाने बोलून गेला की पुन्हा रूळ वाजला तर मी काही येणार नाही, असली थट्टा चालणार असेल तर. दोघातिघांनी त्याला होकार भरला.

हे ऐकल्याबरोबर केरूनानाचा चेहरा उतरला. माणूस पुढारी असला तरी शेतकरी होता, आणि त्याचं शेत सगळ्यात खोलातलं. तो पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रूळ वाजला की यायचं. खरा का खोटा ते येऊन बघायचं. जो येणार नाय, त्याच्या शेताची खांड गाव भरणार नाय." आणि कित्येक वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. अर्ध्या दाढीचा नाथाशेट म्हणाला की नाना बोलतो ते बरोबर आहे, माझंही तेच म्हणणं.

बायजाबाई घमेलं पालथं घालून त्यावर बसली होती. तिने विचारलं, "वाजवला कुणीबी तरी यायचं?"

"कुणीबी," नाना म्हणाला.

"आन् खांड भरंस्तोवर परत जायचं नाय?"

नाना चिडून म्हणाला की नाय म्हणजे नाय, एवढं आयुष्य गेलं तुझं, तुला ठाऊक नाय काय? बायजाबाई बरं म्हणाली, उठली, घमेलं काखेत मारलं आणि घरी निघून गेली. हौसाला त्यावेळी त्यात काही वावगं दिसलं नाही. म्हातारपणी माणूस तेच तेच विचारतं, एवढंच तिला वाटलं.

महिपतीने गावाची माफी मागून देवळात नारळ फोडला. जगन स्कूटर ढकलत गेला, हवा काढलीच होती कुणी तरी. पुढचे तीन दिवस हौसाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. तळ्यावर आता कुणी कुजबुजायलाही जवळ येत नव्हतं. सरूने एकदा विचारलं, आई, पेणला जाऊन गुपचूप लग्न लावलं तर? हौसाने तिला फटकारलं आणि मग मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. तिची लेक काही पळून चालली नव्हती. मांडवातून जायची होती, चारचौघींच्या हातची हळद अंगाला लावून, आणि त्या चारचौघी गावात असूनही नव्हत्या.

गुरुवार उजाडला. महिपतीने एकट्याने बांबू रोवून मांडव घातला होता, तो जरासा वाकडाच झाला होता. हौसाने तांदूळ टाकले ते घरच्यापुरते आणि निडीच्या पाहुण्यांपुरते. रोजच्याच मोठ्या पातेल्यात मावले. दुपार कलायला लागली तशी निडीकडच्या बायांचा टेम्पो आला. गणेशची आई, काकू, आत्या, हातात उष्टी हळद. सरू पिवळी साडी नेसून पाटावर बसलेली. पाहुण्या मांडवात टेकल्या, पाणी प्यायल्या, आणि इकडेतिकडे बघायला लागल्या. काकूने विचारलं की गावातली माणसं कुठे दिसत नाहीत. हौसा म्हणाली, भरतीची वेळ आहे, सगळी शेतावर असतील, येतील. काकूने आत्याकडे पाहिलं. ते पाहणं हौसाने पाहिलं.

आणि रूळ वाजला.

महिपतीचा हात सवयीने फावड्याकडे गेलाच. हौसा हळदीची वाटी हातात घेऊन दारात आली. समोर चिंचेखाली बायजाबाई उभी होती आणि दोन्ही हातांनी मुसळ धरून रूळ बडवत होती. म्हातारीचा पदर खांद्यावरून घसरला होता, केस सुटले होते, पण थांबायचं काही नाव नव्हतं. घराघरांतून माणसं फावडी-घमेली घेऊन बाहेर पडली आणि सवयीने बांधाच्या वाटेला लागली. तिने ओरडून सगळ्यांना तिथेच अडवलं.

केरूनाना पुढे आला. शेटही आला, आज दाढी पूर्ण झालेली. नानाने विचारलं, "म्हातारे, खांड कुठं हाय?"

बायजाबाईने मुसळाने हौसाच्या मांडवाकडे दाखवलं. "ती काय, हौसाच्या दारात. सकाळधरनं बघते हाय, माणूस नाय तिथं. भरा."

नानाच्या कपाळावरची शीर उडताना हौसाला इथून दिसली. तो मागे वळायच्या बेतात होता, पण त्याच्या मागे सगळं गाव उभं होतं, आणि त्याचे रविवारचे शब्द सगळ्यांच्या कानात होते. शेट बाजूला उभा राहून नाना काय करतो ते बघत होता, कारण नाना वळला असता तर उद्या प्रत्येक सभेत शेटने तेच सांगितलं असतं की नानाने स्वतःचा शब्द मोडला. आणि शेट वळला असता तर नानाने तेच केलं असतं. दोघेही एकमेकांकडे बघत अडकले. पण खरं सांगायचं तर त्यांची कुणी वाट पाहिलीच नाही. नानाची ती सख्खी भावजय घमेलं घेऊन सरळ रस्ता ओलांडून आली, मांडवाच्या खांबाशी घमेलं ठेवलं आणि आत येत म्हणाली, "ती हळद दे गो हौसा. वाटी पुढं कर."

मग काय, बांध फुटल्यासारखी माणसं आली. किती दिवस तीही वाट बघत होती हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. बाया आल्या, बाप्ये आले, म्हाताऱ्या आल्या. येणारा प्रत्येक जण दाराशी फावडं ठेवत होता आणि जरा मोठ्यानेच म्हणत होता की रूळ वाजला म्हणून आलो बाबा, नियम म्हणजे नियम. रॉकेलवाला बहिरा म्हाताराही डबा घेऊन आला. मांडवाच्या तोंडाशी फावड्यांचा आणि घमेल्यांचा ढीग झाला, त्यात नानाकडचं कुठलं आणि शेटकडचं कुठलं ते पुन्हा कधी नीट निवडता आलं नाही, दोन-चार फावडी तर कायमची बदलली.

निडीच्या काकूने डोळे विस्फारून विचारलं की हे सगळे फावडी घेऊन का आलेत. हौसाच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं हळदीला असंच येतात." आणि ती हसायला लागली ती थांबेना. हसता हसता रडायला लागली. सरूनेही पाटावरून आईकडे बघितलं आणि तिचे गाल ओले झाले, त्यावरून बायांच्या हळदीच्या बोटांचे ओघळ उतरले. बायजाबाई मुसळ टेकत आत आली, सरूच्या पाटाशी बसली, घसा खाकरला आणि तिने धवले धरले. तिचा मुलगा दाराशी फावडं घेऊन उभा होता. त्याने फावडं ढिगात टाकलं आणि आईसाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

नाना आणि शेट मांडवाच्या दोन टोकांना दोन खुर्च्यांवर बसले होते, फावडी मांडीवर आडवी धरून. खांड भरल्याशिवाय जायचं नाही, हा नियम त्यांनीच पुन्हा पक्का करून दिला होता. महिपती दोघांना चहा घेऊन गेला. शेटने घेतला. नाना कप हातात धरून हळू आवाजात महिपतीला म्हणाला की मांडव वाकडा घातलास, मला नाय का बोलवायचं. महिपती त्याच्या खुर्चीशेजारीच उभा राहिला.

एवढ्यात स्कूटर वाजली. जगनला हळदीचं आमंत्रण होतं आणि रविवारच्या फजितीनंतरही तो स्टीलचा डबा भेट घेऊन आला होता, यावरूनच माणूस कसा होता ते समजा. मांडवात सगळं गाव बघून तो दाराशीच उभा राहिला. तो हौसाला म्हणाला की बघा वहिनी, मी म्हणत नव्हतो? ही सगळी माणसं कुणाकडचीच नाहीत, त्यांना फक्त जागा पाहिजे होती. आणि मग पिशवीतून पेन काढत विचारू लागला की यातली किती मतं आपल्याला पडतील.

हौसाला त्याची दया आली आणि त्याचं पटलंही. त्याचं बोलणं खरंच होतं, फक्त ती जागा त्याच्या झेंड्याखाली निघेल असं त्याला वाटत होतं आणि निघाली फुटक्या घमेल्यांच्या ढिगापाशी. निवडणुकीत पुढे काय व्हायचं ते होवो. नाना निवडून येवो, शेट येवो, नाहीतर जगनचा कुणी येवो, तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि तो निवडणुकीने उतरला नव्हता.

"मतांचं मला नको इचारू भाऊ," ती म्हणाली. "तांदळाचं इचार."

कारण तांदूळ कमी पडले होते. घरच्या पातेल्यातला भात पहिल्या पंगतीलाही पुरणार नव्हता. हौसाने एवढं म्हणायचा अवकाश, नानाच्या भावजयीने कुणाला तरी कुलूप उघडायला पिटाळलं, शेटच्या आळीतली पोरंही पळाली, आणि थोड्या वेळात दोन्ही पक्षांचे टोप मांडवामागे येऊन आदळले. एकावर तांबड्या रंगात खूण, दुसऱ्यावर निळ्या. चुलवण एकच होतं, पोरांनी तिथल्या तिथे लांबलचक खणलेलं. दोन्ही टोप त्यावर शेजारी शेजारी चढले आणि खालून एकच लाकूड सारलं गेलं.

हौसाने तांदळाची गोण ओढून आणली. धवल्यांच्या मधे दम खायला थांबलेल्या बायजाबाईला तिने हाक मारली आणि सुपातला ढीग पुढे करून विचारलं, बाय, एवढे पुरे का? म्हातारीने हळदीने पिवळा झालेला हात ढिगावर फिरवला. मग मान वर करून भरलेल्या मांडवाकडे बघितलं.

"नाय गो पुरायचे," ती म्हणाली. "अजून टाक."